ढालवाल्यांचं मानपत्र

मी इंग्लंडला निघाले त्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझा फ्लेक्स लागला होता. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. त्यात मी अशी दिसत होते, की ही मुलगी शिकायला परदेशी चालली आहे की पोलिसांना हवी आहे, हे खालचा मजकूर वाचल्याशिवाय कळू नये. मजकूर होता, 'राजारामपुरीची वाघीण निघाली सातासमुद्रापार'. माझ्या डोक्यावर पाच-सहा मान्यवर होते, त्यांतल्या एकालाही मी कधी भेटले नव्हते. आणि तळाशी हात जोडलेले सर्जेरावकाका. त्यांचा फोटो माझ्याहून मोठा होता. ते साहजिकच होतं, कारण फ्लेक्स छापायचं दुकान त्यांचं होतं, आमच्या दुकानाला लागूनच.

एसटी स्टँडवर काकांनी हलगीवाला आणला होता. मुंबईची दुपारची गाडी लागलेली, कंडक्टर वैतागलेला, आणि काका हातात नसलेला माईक असल्यासारखी मूठ धरून भाषण करत होते. कोल्हापूरची लेक, झेंडा, सातासमुद्रापार. कागलला निघालेले दोन प्रवासी उगाचच टाळ्या वाजवत होते. अम्मी डोळे पुसत एवढंच म्हणाली, "बराबर खाना गे." आणि अब्बा, म्हणजे माझे वडील, माझी बॅग डिकीत ठेवून, ती हलत नाही ना हे पुन्हा एकदा हलवून बघून खिडकीखाली आले आणि म्हणाले, "नीट जा." गाडी हलली तसे दोन पावलं चालत आले. "नीट राहा."

बस्स. मला राग आला, खोटं कशाला सांगू. अब्बांच्या दुकानातून आयुष्यभर लोकांनी विशेषणं पोत्यानं नेली होती. पोटच्या पोरीला परदेशी धाडताना या माणसाजवळ 'नीट' एवढंच शिल्लक असावं?

तुम्ही जे माझ्यासारखे निघून गेलात, त्यांना हे ठाऊक असेल. आपण काय घेऊन निघालो ते पहिली काही वर्षं कळतच नाही. आणि जे तिथंच राहिलात, त्यांच्यासाठी आधी त्या दुकानाची गोष्ट सांगायला हवी. तुम्ही रोज त्याच्यासमोरून जाता, म्हणजे तुम्ही ते पाहिलं नसण्याचीच शक्यता जास्त.

बोर्डावर काही का लिहिलेलं असेना, गावात त्याला 'ढालवाल्यांचं दुकान' म्हणतात. कुस्तीच्या ढाली, फुटबॉलचे चषक, स्मृतिचिन्हं, शाली, फेटे, आणि मानपत्रं. कोल्हापुरात कुणाचा ना कुणाचा सत्कार नाही असा दिवस बहुधा ग्रहणाचाच असेल. वाढदिवस, निवड, फेरनिवड, निवड हुकल्याबद्दल सांत्वनपर सत्कार. मी शाळेत असल्यापासून मानपत्रांचा मजकूर लिहायला बसायचे, कारण माझं मराठी बरं होतं आणि फुकट होतं. 'अविरतपणे', 'निःस्वार्थपणे', 'अहोरात्र', 'समर्थपणे'. ज्याला दुपारी दोन तास झोप लागत नाही असा एकही माणूस मला माहीत नव्हता, तरी आमच्या मानपत्रांत सगळे अहोरात्र झटत. सम्राट तर किती झाले! कार्यसम्राट, सहकारसम्राट, एकदा एक दुग्धसम्राटही आला होता. त्याच्या गळ्यातली साखळी म्हशीला पुरली असती.

अब्बा या सगळ्याकडे शांतपणे बघत. त्यांचं म्हणणं एवढंच. "मजकूर गिऱ्हाईकाचा. अक्षर माझं." गिऱ्हाईकानं स्वतःला सूर्य म्हणवून घेतलं तरी त्यांची हरकत नसे, पण सूर्यातला 'र्य' नीट बसला पाहिजे. आणि एक रीत होती. पितळी पट्टी कोरायला घेण्याआधी मजकूर मोठ्यानं वाचायचा, दोनदा. एकदा गिऱ्हाईकासाठी, एकदा चुकीसाठी. पहिल्या वेळी गिऱ्हाईक फुलायचं. दुसऱ्या वेळी ते कंटाळायचं, आणि नेमकी तेव्हाच चूक सापडायची. मी वाचत असे, अब्बा डोळे मिटून ऐकत. पहिलं वाचन झालं की म्हणत, "परत वाच." दुसरं झालं की "नीट हाय," मगच हत्यार हातात. घाईत असलेले पुढारी चिडत. "चाचा, गाडी चालू ठेवलीया खाली." अब्बा म्हणत, "मग बंद करा की. पेट्रोल वाचंल."

ही रीत त्यांनी मोडलेली मी एकदाच पाहिली. मागच्या गल्लीतल्या मालूताईंचा मुलगा तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होता. तो मोटरसायकलच्या अपघातात गेला. पुढच्या हंगामात त्याच्या नावानं ढाल ठेवायची म्हणून मालूताई स्वतः दुकानात आल्या. मजकूर दोनच ओळींचा. मी वाचला. मालूताई काउंटरची कड धरून उभ्या होत्या. मी सवयीनं दुसऱ्यांदा तोंड उघडलं, तर अब्बांनी हात वर केला. "एकदाच," म्हणाले आणि ढाल घेऊन आत गेले.

आणि जयसिंगपूरचा किस्सा. तो आमच्या घरात पुष्कळ दिवस कुणी हसून सांगू शकत नव्हतं. एका सप्टेंबरात दोन मानपत्रं एकाच मापाच्या फ्रेममध्ये, एकाच सोनेरी कागदात गुंडाळली गेली. एक होतं निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचं, दुसरं एका पैलवानाचं. मुख्याध्यापकांच्या समारंभात पैलवानाचं मानपत्र गेलं. मजकुरात नाव नव्हतंच, नुसतं 'आपण', आणि निवेदकानं ते खड्या आवाजात वाचलं. 'आपण आजवर अनेकांना आस्मान दाखविलेत. आपल्या पकडीतून कुणीही सुटला नाही.' टाळ्यांचा कडकडाट झाला. माजी विद्यार्थ्यांना तर ते फारच पटलं म्हणे. चूक कुणाच्याही लक्षात आली नाही, मुख्याध्यापकांच्यासुद्धा. ते मानपत्र घरी नेऊन त्यांनी भिंतीवर लावलं.

लक्षात आली ती अब्बांच्या, दुसऱ्या दिवशी, पैलवान न्यायला आला तेव्हा. त्यांनी कुणी गुंडाळलं हे विचारलं नाही. शटर ओढलं, बरोबर मानपत्र काखेत मारलं आणि जयसिंगपूरची एसटी धरली. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो चाचा, राहू दे की तेच. लोकांना आवडलंय." अब्बा म्हणाले, "आवडलं असंल. तुमचं न्हाय ते." भिंतीवरचं उतरवून, दुसरं लावून, खिळा डुगडुगत होता तो ठोकून परत आले.

तर अशा घरातून मी लीड्सला आले. शिकले, आणि औषधांची खोकी व त्यांतली पत्रकं छापणाऱ्या एका छापखान्यात प्रूफं तपासायला लागले. म्हणजे धंदा तोच. मजकूर गिऱ्हाईकाचा, अक्षर आमचं. फरक एवढाच की इथं चूक झाली तर टाळ्या वाजत नाहीत.

त्या खात्याची प्रमुख मार्गारेट नावाची बाई होती. तिचा एक लाडका शब्द होता, 'प्रॉपर्ली'. चहा प्रॉपर्ली मुरू दे. कोट प्रॉपर्ली घाल. हे प्रूफ प्रॉपर्ली बघितलंस का? पहिल्या वर्षाच्या शेवटी माझ्या कामाबद्दल तिनं साहेबांसमोर मत दिलं ते असं, "ही काम प्रॉपर्ली करते." मी पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. पुढचं वाक्य नव्हतं. सत्कारांच्या गावात वाढलेल्या माणसाला हे म्हणजे ताटात नुसता भात वाढून यजमान निघून गेल्यासारखं वाटलं. 'अविरतपणे' नाही? निदान 'समर्थपणे' तरी?

मग मार्गारेट निवृत्त झाली. समारंभ टी-ब्रेकमध्ये, उभ्याउभ्या. एक केक, एक सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. शाल नाही, फेटा नाही, खुर्चीसुद्धा नाही. मशीनवरच्या सगळ्यात जुन्या कामगारानं पेला वर केला आणि म्हणाला, "शी डिड इट प्रॉपर्ली." आणि कोट न विसरणारी, छत्री न विसरणारी ती बाई रुमाल विसरली होती, म्हणून बाहीनं डोळे पुसू लागली.

त्या दिवशी बसमधून फ्लॅटवर येताना मला एसटी स्टँडची ती खिडकी आठवली. मला वाटलं होतं, अब्बांनी मला काहीच दिलं नाही. प्रत्यक्षात त्यांनी मला आपल्याजवळचा सगळ्यात महाग माल दिला होता, जो त्यांनी काउंटरवर कधीच मांडला नव्हता.

हे सगळं एरवी मनातच राहिलं असतं. पण गेल्या वर्षी अब्बांनी दुकान माझ्या चुलतभावाच्या हवाली केलं. डोळे थकले, हात थरथरू लागला, आणि आता मशीनच कोरतं. गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की ढालवाल्यांचाच सत्कार करायचा. मंडळाचे अध्यक्ष अर्थात सर्जेरावकाका. अब्बांनी साफ नाही म्हटलं. "मी इकलेली शाल मलाच घालणार व्हय? दुकानात लावून बघतो की आरशासमोर." काकांनी गळ घातली, अम्मीला मध्ये घातलं, दोन दिवस दुकानासमोर खुर्ची टाकून बसले. शेवटी अब्बा तयार झाले, पण एका अटीवर. काकांनी ती मला व्हिडिओ कॉलवर जशीच्या तशी ऐकवली.

"मानपत्र माझ्या लेकीनं लिव्हायचं. आणि त्यात एक बी शब्द खोटा निघाला, तर मी खुर्चीवरनं उठून घरला जाणार. मग पावणं बसलेलं असू देत न्हायतर मुख्यमंत्री."

"आणि ते जातील, नसीम," काका म्हणाले. "म्हाताऱ्याचा काय भरवसा न्हाय. भरल्या मांडवात माझी अब्रू जाईल बघ."

काकांना त्यांच्या अब्रूची काळजी होती. मला वेगळी होती. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची मानपत्रं डोळे मिटून ऐकली होती. त्याचं स्वतःचं एकच होणार होतं. ते ऐकताना तो उठून गेला, तर त्याला दुसरं कुणी आणून देणार नव्हतं. जयसिंगपूरची एसटी त्याच्यासाठी कुणी धरली नसती.

रविवारी सकाळी हीटिंग लावून मी लिहायला बसले. हात आपोआप जुन्या वाटेनं गेला. 'आपण समर्थपणे...' खोडलं. समर्थपणे काय केलं? ढाली उचलल्या? 'अहोरात्र' तर नाहीच. अब्बा संध्याकाळी आठला शटर ओढत आणि जेवून झोपत. मला 'प्रॉपर्ली' म्हणायचं होतं आणि मराठीत त्याला शब्दांची काही वाण नाही. उलट रांग लागली. 'यथोचित' आला, लग्नपत्रिकेतून निसटल्यासारखा, अत्तर लावून. 'योग्य रीतीने' आला. तो मी दिवसभर औषधांच्या पत्रकांत बघते, त्याला झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवावं. 'रीतसर' आला, पण त्याच्या मागे तलाठी उभा दिसला. 'समाधानकारक' हा शाळेच्या प्रगतिपुस्तकातला. बाईंना पोराचं नाव आठवत नसलं की त्या तो लिहीत. 'व्यवस्थित' बरा होता, पण तो भांग पाडून आल्यासारखा. 'धड' हा अम्मीचा आवडता, पण तो फक्त शिव्यांबरोबर येतो. धड बसत नाही, धड खात नाही. धड बसणाऱ्याला कधी कुणी धड म्हणालेलं नाही. 'शिस्तीत' आपल्या कोल्हापूरचा, रुबाबदार. तो मला फार आवडतो, पण त्याला गॉगल लागतो. 'चोख'पाशी मी बराच वेळ थांबले. तो खरा होता. पण तो सोनाराचा आहे आणि अब्बांनी आयुष्यात पितळच हाताळलं.

शेवटी दाराशी चपला काढून 'नीट' उभा होता. तो पहिल्यापासूनच तिथं होता. त्याला आत बोलवायची मला लाज वाटत होती एवढंच. आमच्या दुकानातून बाहेर पडलेल्या एकाही मानपत्रात तो कधी नव्हता. लहान मुलांना, मोलकरणींना, रिक्षावाल्यांना सांगायचा शब्द तो. सत्काराला शोभत नाही. मी तोच घेतला, आणि मजकूर पुरा झाला तेव्हा चहा अजून गरम होता.

काकांना पाठवला. लगेच फोन. "अगं बाळ, हे काय लिव्हलंयस? मानपत्र हाय का चिठ्ठी?"

"मानपत्र आहे काका."

"आणि सारखं नीट, नीट. लोकं म्हणतील, ढालवाल्याच्या पोरीला इंग्लंडात जाऊन दुसरा शब्द घावला न्हाय. निदान शेवटाला 'सन्मानसम्राट' टाकू?"

"टाका. मग अब्बा उठून गेले की त्यांना थांबवायला तुम्ही जा."

"फ्लेक्सवर तरी टाकू दे की," काका म्हणाले. आवाज इतका पडलेला की मला नाही म्हणवेना.

मी सुट्टी काढून आले. फ्लेक्स लागला होताच, दुमजली. 'अक्षरसम्राट, सन्मानमहर्षी दस्तगीरचाचा मणेर'. अब्बांच्या मागे चक्क उगवता सूर्य. संध्याकाळी अब्बा नमाज पढून परत येताना त्याच्यासमोर थांबले. काका दुकानातून बघत होते, मी काकांच्या चेहऱ्याकडे. अब्बांनी मान वर करून सगळं वाचलं, सावकाश, दोनदा. मग म्हणाले, "सर्जेराव, कडेला सुरकुती पडलीया. ताणून बांध." आणि घरात गेले. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी सोडला नाही. फ्लेक्सचा मजकूर गिऱ्हाईकाचा होता. मानपत्राचं गिऱ्हाईक आता ते स्वतः होते.

समारंभ गल्लीतच झाला. अर्धा रस्ता बंद, भाड्यानं आणलेली सिंहासनासारखी लाल खुर्ची, तिच्या हातांवर सिंह. अब्बा तिच्यात पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे कडेला टेकलेले. प्रमुख पाहुणे उशिरा आले. त्यांनी अब्बांचं नाव तीनदा वेगवेगळं घेतलं, कलेच्या प्रांतावर आणि स्वतःच्या प्रभागावर बोलले, आणि पुढच्या सत्काराला जायचंय म्हणून मानपत्राआधीच उठले. त्यांनी जाताना अब्बांच्या हातात दिलेलं स्मृतिचिन्ह आमच्याच दुकानातलं होतं. अब्बांनी ते उलटं करून बुड तपासलं.

मग काकांनी माझं नाव पुकारलं. समोर जुनी गिऱ्हाइकं होती, तालमीची माणसं, मैदानावर हाडवैर असलेल्या दोन पेठांचे आजी-माजी फुटबॉलवाले वेगवेगळे बसलेले, कारण ते एकत्र बसत नाहीत. तिसऱ्या रांगेत मालूताई. मी वाचायला लागले.

"दस्तगीर मणेर यांस. आपण या गल्लीत हयातभर ढाली केल्या. नीट केल्या. जिंकलेल्या संघाची नीट केली, आणि हरलेल्या संघाचीही तितकीच नीट घासली. मजकूर आमचा होता. तो पुष्कळदा पोकळ होता. अक्षर आपण नीट काढलंत. आम्ही घाई केली, आपण नीट वाचून घेतलंत. चूक झाली तेव्हा कुणाची हे न विचारता जयसिंगपूरला गेलात आणि नीट करून आलात. एका आईला मजकूर दोनदा ऐकवला नाहीत. तेही नीटच केलंत. आपण आम्हाला थोर केलंत असं आम्ही म्हणत नाही. ते आमच्याच्यानं झालं नाही. पण आमचं नाव वाकडं होऊ दिलं नाहीत. आपली गल्ली."

संपलं. लोकांना ते संपलंय हेच कळलं नाही. टाळ्या कुठं वाजवायच्या याची खूण मी ठेवली नव्हती. काका स्टेजच्या कडेला घाम पुसत होते. आणि तेवढ्यात अब्बा लाल खुर्चीवरून उठले.

काका पांढरे पडले. पुढच्या रांगेतलं कुणीतरी पुटपुटलं, "निघालं म्हातारं." माझ्या हातातली फ्रेम जड झाली. कुठला शब्द? मनातल्या मनात मी मजकुरात भरभर मागे गेले. 'हयातभर'? 'पोकळ' बोचलं? अब्बांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, खिशात ठेवला. पायऱ्यांकडं गेले नाहीत. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, दुकानात मी वाचताना राहत तसे. डोळे मिटले.

"परत वाच."

पुढच्या रांगेला काही कळलं नाही. मागच्यांना कळलं. ज्यांनी ज्यांनी त्या काउंटरवर गाडी चालू ठेवून वाट बघितली होती ते सगळे हसले, आणि हसता हसता सरसावून बसले. मी दुसऱ्यांदा वाचायला लागले. या वेळी टाळ्यांची जागा त्यांना सापडली. 'हरलेल्या संघाचीही' म्हटल्यावर एका बाजूच्या पेठेनं शिट्ट्या मारल्या, दुसऱ्या बाजूनं "त्यांनाच लागत्यात त्या!" असा टोमणा आला, आणि गल्ली दणाणली. 'पोकळ'ला तर एक माजी सम्राट स्वतः मनापासून हसला. जयसिंगपूर आलं. पुढची ओळ मालूताईंची. मी श्वास घेतला, आणि अब्बांनी डोळे मिटलेलेच ठेवून हात वर केला.

"ते एकदाच," म्हणाले.

मी ती ओळ सोडून पुढं गेले. मालूताईंनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली, अब्बांकडं बघून, एकदाच.

वाचन संपलं. अब्बांनी डोळे उघडले. माईककडं बघितलंसुद्धा नाही. त्यांना सवयच नाही त्याची, तरी ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"नीट हाय. बांधा आता फेटा."

पुढचं सांगत नाही. हलगी किती वेळ वाजत होती ते राजारामपुरीत कुणालाही विचारा. काका स्टेजवर रडले आणि त्यांनी ते नंतर कबूलही केलं. हजारो डोक्यांसाठी फेटे विकलेल्या माणसाच्या डोक्यावर पहिल्यांदाच फेटा चढला, आणि तो बांधणाऱ्याला अब्बांनी दोनदा सोडून परत बांधायला लावला. घरी आल्यावर अम्मीनं त्यांना नखशिखांत बघितलं. "बराबर दिस रहे," म्हणाली. आमच्या घरात यापुढचं बक्षीस नाही.

परत निघताना स्टँडवर हलगी नव्हती. काका आले होते, पण भाषण न करता उभे होते. त्यांच्यासाठी तो मोठाच त्याग. अब्बांनी बॅग डिकीत हलवून बघितली, खिडकीखाली आले. "नीट जा," म्हणाले. मी म्हटलं, "परत वाचा." ते हसले, आणि गाडी हलली तरी चालत आले. "नीट जा."

आता मार्गारेटच्या डेस्कवर मी बसते. टीममधली माणसं पत्रक घेऊन येतात, मी ते मोठ्यानं वाचायला लावते आणि म्हणते, "रीड इट अगेन." पहिल्यांदा ती वैतागली. मग एकदा दुसऱ्या वाचनात गोळीच्या ताकदीतलं एक शून्य जास्तीचं सापडलं, आणि त्या दिवसापासून मला कुणी घाई करत नाही. माझ्या लीड्समधल्या फ्लॅटला मी बरीच वर्षं 'रूम'च म्हणत होते. घर म्हणजे कोल्हापूर, इथं फक्त काउन्सिल टॅक्स नावाची घरपट्टी. आता तसं म्हणत नाही. जिथं कुणीतरी माझं ऐकून 'परत वाच' म्हणतं, आणि जिथं ते म्हणायचा हक्क मला आहे, ती दोन्ही माझी घरं. त्या हक्काला पासपोर्ट लागत नाही, फ्लेक्स तर मुळीच नाही.

अब्बांनी ते मानपत्र दर्शनी भागात लावलं नाही. आत, कोरायच्या मशीनसमोर, काम करणाऱ्याच्या नजरेला येईल अशा उंचीवर लावलंय. काकांना ते पटलेलं नाही. परवा फोनवर अब्बांनी सांगितलं, एक मोठा माणूस दुकानात आला होता, बाहेर गाडी चालू ठेवून. वाकून त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "चाचा, मला बी सेम असंच पायजे. सम्राट बिम्राट नको. हेच, नुसतं नाव बदला."

"मग? काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, साहेब, बाकी सगळा माल तयार हाय. हे तेवढं तयार मिळत न्हाय. हे आधी करून आणावं लागतंय."

"चिडला असेल."

"न्हाय की," अब्बा म्हणाले. "खाली जाऊन गाडी बंद केली त्यानं."